कमरेवर हात ठेवून दाबा

शिबीर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत होतं. आशाताईंनी आधी घरोघर फिरून तिशीपुढच्या बायकांचे फॉर्म भरून घेतले होते, त्यामुळे साडेदहालाच रांग लागली. बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी हॉलमध्ये. स्तनतपासणीसाठी मला मिळाला जिन्याखालचा कोपरा आणि पडदा म्हणून एक जुनी साडी.

तिथे उजेड नव्हता, म्हणून मी सुरुवातच केली नाही. संयोजक वैतागले. ‘‘सिस्टर, हातानंच बघायचं ना?’’ पुष्कळ शिबिरांत असंच चालतं: ब्लाउजची दोन बटणं काढायची, हात आत घालून चाचपायचं, पुढची बाई. पण निम्मी तपासणी डोळ्यांची असते. ती कमरेपर्यंतचे कपडे उतरवल्याशिवाय होत नाही आणि आडोसा धड नसेल तर कुठलीही बाई कपडे उतरवणार नाही. उजेडही बाजूनं पडायला हवा. समोरून पडला की सावली मरते आणि त्वचेवरचा बारीक खळगा सपाट दिसतो. शेवटी शेजारच्या दुकानातून एक्स्टेंशन बोर्ड आला, खुर्चीच्या पाठीला ट्यूबलाइट बांधली, दोन जाड चादरी सेफ्टीपिनांनी जोडल्या. अर्धा तास गेला. जाऊ दे.

बाराच्या सुमारास पन्नाशीच्या एक मावशी आल्या. कांदा-बटाटा मार्केटात कांदे निवडतात. बीपी मोजून निघालेल्या, आशाताईंनी हाताला धरून आत आणलं. ‘‘मला काय दुखत न्हाई ओ सिस्टर.’’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होऊन ठणकतात तेव्हा बायका घाबरून येतात, आणि ते बहुधा हार्मोनचं असतं. कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी येत नाही.

स्टुलावर बसवलं. हात खाली सोडून दोन्ही बाजू सारख्या. हात डोक्यावर नेले तरी सारख्या. मग म्हटलं, कमरेवर हात ठेवून जोरात दाबा. डाव्या बाजूला, वर काखेकडे, करंगळीचं टोक मावेल एवढा खळगा पडला. हात सैल सोडले की नाहीसा. स्तनाच्या आत त्वचेला धरून ठेवणारे आधाराचे तंतू असतात. गाठ ते आखडून टाकते. कमरेवर दाबलं की स्तनामागचा छातीचा स्नायू आवळतो आणि आखडलेला तंतू त्वचेला आत ओढतो. चाचपणीची घाई केली असती तर हे दिसलंच नसतं.

मग आडवं झोपवलं, डाव्या खांद्याखाली चादरीची घडी, हात डोक्याखाली. मधल्या तीन बोटांची पेरं चपटी ठेवायची, टोकं टोचायची नाहीत. प्रत्येक जागी छोटी गोल फिरवणी तीन दाबांत: वरवर, मध्यम आणि बरगडी लागेपर्यंत. काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत उभ्या पट्ट्या, वर गळ्याच्या हाडापर्यंत, खाली स्तनाची घडी ओलांडून. बोटं मध्येच उचलली की पट्टी सुटते. गाठ मधल्या दाबाला लागली: अडीच सेंटिमीटर, कडक, कडा ओबडधोबड, जागची हलेना. तरुण मुलींमधली साधी फायब्रोअॅडिनोमाची गाठ बोटाखालून निसटून पळते, ही तशी नव्हती. काखेत वालाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी.

नोंद अशी: डावी बाजू, घड्याळाचे 2, स्तनाग्रापासून 4 सेंमी, आकार 2.5 सेंमी, त्वचा ओढते, काखेत 1 ग्रंथी. नुसतं ‘गाठ आहे’ लिहून पाठवलं की पुढचा माणूस पुन्हा शून्यापासून शोधतो.

हे काम डॉक्टरच करू शकतो असं नाही. टाटा मेमोरियलनं 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका दर दोन वर्षांनी तपासत होत्या. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

मावशींना म्हटलं, बहुतेक गाठी साध्या असतात, पण ही मला साधी वाटत नाही, याच आठवड्यात दाखवू. त्यांची शेजारीण लगेच म्हणाली, ‘‘सुई मारली की पसरतं.’’ पसरत नाही. उलट सुईनं तुकडा न काढता थेट गाठच कापली तर घोटाळा होतो. त्याच दिवशी आलेल्या एका ताईंची गाठ वर्षापूर्वी कुठल्याशा दवाखान्यात भूल देऊन काढलेली, पण तपासायला पाठवलीच नव्हती. व्रण दिसतो, काय होतं ते कोणालाच माहीत नाही. त्यांनाही चिठ्ठी दिली.

बुधवारी आशाताई मावशींना घेऊन पनवेल लोकलनं खारघरला, टाटाच्या अॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात गेल्या. काखेत पावडर लावू नका असं बजावलं होतं, कारण मॅमोग्राफीत पावडरीचे कण कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे पांढरे उमटतात. तरी सवयीनं लावलीच, तिथं पुसावी लागली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, मग जाड सुईनं बायोप्सी. रिपोर्ट कर्करोगाचाच आला, ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर पोसणारा; हर-2 हे वाढीला चालना देणारं प्रथिन निगेटिव्ह. स्तन न काढता फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन देता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मावशींचा प्रश्न वेगळाच होता. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर डाव्या हातानं कांद्याची पाटी उचलता येईल का? लगेच नाही. आधी भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायचा, मग वजन हळूहळू वाढवायचं, हात सुजला तर लगेच दाखवायचं. ‘‘म्हंजे किती दिवस?’’ त्यांनी विचारलं. मुकादमाला सांगायचं होतं.