खिडकी बंद, मशीन चालू

आमच्या ह्यांचा एक ठाम सिद्धांत आहे: ज्या खोलीत वारा खेळत नाही तिथे माणूस आजारी पडतो. हा सासूबाईंकडून आलेला वारसा, आणि त्यांच्या काळच्या पार्ल्यात तो खराही असेल. तेव्हा खिडकीबाहेर आंबा होता. आता समोर एक आणि मागच्या गल्लीत दोन अशा रिडेव्हलपमेंटच्या साइट आहेत. विलेपार्ले पूर्वेला ज्या बिल्डिंगचं पाडकाम चालू नाही, तिची बोलणी तरी चालू असतात. आमचीही चालू आहेत, त्यामुळे दुसऱ्यांना नावं ठेवायची सोय नाही.

ह्यांचं वय ७३, दोन स्टेंट, बीपीच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ. दसरा झाला की मुंबईची हवा बिघडायला लागते आणि ती होळीपर्यंत काही धड होत नाही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तर हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, पालिकेने बांधकामांभोवती २५ ते ३५ फुटांचे पत्रे लावायला सांगितले. पत्रे लागले. धूळ काय, पत्र्यावरूनही येते.

एअर प्युरिफायर, म्हणजे खोलीतली हवा गाळणारं मशीन, घ्यावा का, हा विषय तेव्हापासून घरात होता. मी बँकेत क्लिअरिंगला आयुष्य काढलेलं, आकडा पाहिल्याशिवाय सही करायची सवय नाही. जाहिरातीत आजी-आजोबा हसतायत म्हणून मी पैसे देणार नव्हते. शोधता शोधता अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा एक अभ्यास सापडला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी असलेल्या एका इमारतीतली ४० माणसं, सरासरी वय ६७. त्यांच्या घरात मशीन ठेवली. तीन दिवस साधा फिल्टर, तीन दिवस हेपा जातीचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, आणि तीन दिवस आत फिल्टरच नसलेलं मशीन, नुसतं घरघरणारं. कधी कुठलं, हे त्या लोकांना सांगितलं नव्हतं. मला हे फार आवडलं. मशीन चालू आहे या समाधानानेच बरं वाटणारी माणसं आमच्याच घरात आहेत.

निष्कर्ष असा की फिल्टर असताना वरचं बीपी सरासरी तीन पॉइंटांनी कमी राहिलं. श्वासातले पीएम २.५ कण, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूळ, फिल्टरशिवाय घनमीटरला १५.५ मायक्रोग्रॅम होते, ते हेपाने ७.४ वर आले. आता गंमत बघा. त्यांची 'फिल्टर नसलेली' हवा १५.५, आणि आपल्याकडे वर्षाच्या सरासरीची सरकारी मर्यादाच ४० आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून ५ म्हणते. म्हणजे ज्या हवेतून त्यांनी फरक काढून दाखवला, ती आम्हाला थंडीत मिळाली तर आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकू.

दुसरा अभ्यास कोपनहेगनचा, २००८चा. वाहत्या रस्त्यांजवळ राहणारी ६० ते ७५ वयाची २१ जोडपी, दोन्ही माणसं धूम्रपान न करणारी. दोन दिवस घरातली हवा गाळली, तर बारीक रक्तवाहिन्यांचं काम सुमारे ८ टक्क्यांनी सुधारलं. हे कण केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट बारीक असतात. नाकाच्या केसांना जुमानत नाहीत, फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथून अंगात सूज वाढते, मज्जासंस्थेला चिथावणी मिळते, नसा आवळतात, बीपी चढतं. खोकला आला तर धूळ लक्षात येते, नसा आवळल्याचं कोणाला कळणार?

यातून हार्ट अटॅक टळतो असं सिद्ध होत नाही, हेही लिहून ठेवते. दोन्ही अभ्यास दोन-तीन दिवसांचे, माणसं थोडी. आमच्या कार्डिओलॉजिस्टना विचारलं तर म्हणाले, "घ्या की. फक्त मशीन आलं म्हणून गोळी सोडू नका." ह्यांच्याकडे बघून म्हणाले ते.

मशीन आलं आणि पहिल्याच दिवशी बाहेरच्या बिल्डरआधी मीच पकडले गेले. त्यावर एक दिवा असतो, हवा चांगली तर हिरवा, वाईट तर लाल. स्वयंपाकघरात मिरच्यांची फोडणी टाकली, आणि पलीकडच्या खोलीतलं मशीन दिवा लाल करून विमानासारखं ओरडायला लागलं. संध्याकाळी देवापुढे धूप लावला, पुन्हा लाल. रात्री डासांची कॉइल लावली तर लाल दिवा जाईचना. तेव्हापासून कॉइल बंद, मच्छरदाणी चालू. उदबत्ती एकच, आणि ती गॅलरीत तुळशीपाशी. फोडणी मात्र सोडणार नाही. त्याआधी एक्झॉस्ट लावते, बेडरूमचं दार ओढून घेते.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, एसी आहे ना तुमच्याकडे, मग वेगळं कशाला?" स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. त्याच्या जाळीत जाडी धूळ आणि केस अडकतात, बारीक कण निघून जातात. आणि कुंड्यांनी हवा शुद्ध होते म्हणतात, तर घरभर कुंड्या लावून बघा. पाणी घालण्याचा व्यायाम होईल.

सगळं घर स्वच्छ करायचा नाद मी केला नाही. आमची झोपायची खोली दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा तेवढी हवा गाळायची तर मशीनचा सीएडीआर, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, १६० घनमीटर तरी हवा. हा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, मोठ्या अक्षरात 'सात टप्पे' असलं काहीतरी असतं. दुकानात मी खोकं उलटं करून चष्मा लावून वाचत बसले, पोरगा कंटाळला. ज्या खोलीत माणूस रोज सात-आठ तास असतो, तिथेच खर्च करायचा. वीज रात्रीला अर्धं युनिटसुद्धा जात नाही. खरा खर्च फिल्टरचा, तो बदलावा लागतोच.

खिडकीचा तंटा मात्र मशीनने सुटला नाही. खिडकी उघडी ठेवून मशीन लावणं म्हणजे गळक्या टाकीत पंप चालवणं, हे मी सांगितलं. ह्यांनी ऐकलं आणि रात्री गुपचूप उठून फट ठेवली. शेवटी वेळ वाटून घेतली. थंडीत पहाटे हवा जमिनीलगत साचलेली असते आणि मतलई वारे शहराचा धूर घेऊन रेंगाळत असतात. दुपारी ऊन तापलं, खारे वारे सुटले की जरा उपसा होतो. म्हणून खिडक्या दुपारी जेवणानंतर उघडायच्या, तेही साइटवर ब्रेकर चालू नसेल तर. कोंडलेल्या खोलीने डोकं जड होतं हा ह्यांचा मुद्दा बरोबरच आहे. मशीन कण गाळतं, ताजी हवा बनवत नाही. पहाटे साडेपाचचा फेराही साडेचारवर आणला, दुपारच्या. यावर जास्त भांडण झालं, कारण पहाटेच्या कट्ट्यावरची मंडळी दुपारी झोपतात.

बीपीची वही मी ठेवते. आकडे थोडे उतरलेले दिसतात. पण त्याच महिन्यात ह्यांचं लोणचं बंद केलं आणि डॉक्टरांनी एक गोळी बदलली, तेव्हा श्रेय कोणाच्या खात्यात जमा करायचं हे मला सांगता येणार नाही. मशीनची पुढची जाळी दर पंधरवड्याला काढते, तिच्यावर करड्या लोकरीसारखा थर बसलेला असतो, बोटाने सोलला की अख्खा निघतो. त्यात सिमेंट किती आणि आमच्या गाद्यांचा कापूस किती, कोण जाणे.

पाऊस लागला की मशीन कपाटावर जातं. नवा फिल्टर गणपतीच्या सुमारास मागवायचा, दिवाळीत किंमत चढते.