शिंजुकूच्या बोळांतले सहा खुर्च्यांचे बार

टोकियोच्या छोट्या बारमध्ये पहिल्यांदा जाणार असाल तर सोबत स्थानिक गाइड घ्या. रस्ता फोनवर सापडतो, माणूस अडतो तो दाराशी. दार बंद असतं, खिडकी बहुधा नसतेच, पाटीवरची लिपी वाचता येत नाही आणि आत दोघं बसलीत की सगळ्या खुर्च्या भरल्यात हे बाहेरून कळत नाही. माझी नणंद टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाईत राहते. तिथे आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं आहेत. ती ऑफिसचं काम जपानीत करते, तरी असल्या दारातून ती कधी आत गेली नव्हती. "वहिनी, भाषा येते गं, पण आत गेल्यावर वागायचं कसं तेच ठाऊक नाही," असं ती म्हणाली, तेव्हा आम्ही एका संध्याकाळसाठी गाइड ठरवली.

गाइड पन्नाशीच्या बाई होत्या, टोकियोतल्या शिंजुकू परिसरातच वाढलेल्या. नोंदणी करताना त्यांनी आधी विचारलं, तुम्ही किती जण? दोघी म्हटल्यावर त्या खूश झाल्या. गाइड धरून तीन माणसं ही या बारांची कमाल मर्यादा, चौघांना एका काउंटरवर सलग जागा मिळणं कठीण. म्हणून आठ-दहा जणांचा घोळका घेऊन फिरवणाऱ्या टूर टाळा. त्यांना ओळखीच्या एक-दोन मोठ्या दुकानांतच नेता येतं. दुसरी चौकशी परवान्याची. परदेशी भाषेत पैसे घेऊन गाइडचं काम करायला जपानमध्ये पूर्वी सरकारी परीक्षा पास होऊन परवाना घ्यावा लागे. जानेवारी 2018 पासून ती सक्ती उठली, त्यामुळे आता कोणीही हे काम करू शकतं. परवाना नसलेला गाइड वाईटच असतो असं नाही, पण विचारायला हरकत नाही. पेयांचे आणि बसण्याचे पैसे फीमध्ये धरलेत की वेगळे, हेही आधीच विचारून घ्या. बहुतेकदा ते वेगळे असतात आणि गाइडच्या पेयाचे पैसेही आपणच द्यायचे असतात.

सुरुवात शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेला, रुळांना लागून असलेल्या ओमोइदे योकोचोपासून झाली. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उभी राहिलेली ही गल्ली. त्या वेळी पीठ, तांदूळ अशा जिनसांवर नियंत्रण होतं, पण जनावरांची आतडी-काळीज असे भाग त्यातून सुटलेले होते. म्हणून इथल्या टपऱ्यांनी ते काड्यांना टोचून निखाऱ्यावर भाजायला सुरुवात केली, आणि मोत्सुयाकी ही आजही इथली ओळख आहे. 1999 मध्ये आगीत गल्लीचा काही भाग जळाला आणि लोकांनी तो पुन्हा तसाच अरुंद बांधला. धूर, तेल, खांद्याला खांदा. इथे एक पेय आणि दोन-चार काड्या एवढंच करून निघावं. मुख्य संध्याकाळ पुढे आहे आणि पुढच्या बारांत पोटभर खायला मिळत नाही.

नणंद शाकाहारी आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते. भाजलेले शिइताके मशरूम, शिशितो मिरच्या, ढोबळी मिरची, गिंको बिया हे बऱ्याच ठिकाणी मिळतं. मागताना 'शिओ' म्हणजे नुसतं मीठ सांगायचं. 'तारे' हा गोडसर रस सांगू नका, कारण मांसाच्या काड्याही त्याच भांड्यात बुडवलेल्या असतात. जाळी मात्र सगळ्यांना एकच, ते चालणार नसेल तर ही गल्ली सोडून द्या. थंड टोफूवर बोनितो माशाचा कीस भुरभुरलेला असतो, तो 'कात्सुओबुशी नुकी दे' असं म्हणून काढायला सांगता येतो. शिजवलेल्या भाज्यांत आणि सूपमध्ये बहुधा माशाचा दाशी म्हणजे अर्क असतो, दिसत नसला तरी. एदामामे म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा आणि काकडी निर्धास्त. गाइडबाईंनी प्रत्येक दुकानात शिरण्याआधी हे विचारलं, आणि दोन ठिकाणी नम्रपणे नकार ऐकून आम्हाला पुढे नेलं. तेवढ्यासाठीसुद्धा त्यांची फी मला योग्य वाटली.

इथे त्यांनी होप्पी मागवायला लावली. 1948 पासून टोकियोत बनणारं हे बिअरच्या चवीचं, जेमतेम 0.8 टक्के अल्कोहोलचं पेय. बिअर परवडत नसे त्या काळात कामगार शोचूमध्ये, म्हणजे जपानी गाळीव दारूत, ते मिसळून पीत. आजही बाटली वेगळी येते आणि पेल्यात बर्फ नि शोचू वेगळा. बाटलीला 'सोतो' म्हणतात, शोचूला 'नाका'. एका बाटलीत दोन-तीन पेले भागतात, म्हणून पेला रिकामा झाला की फक्त 'नाका' मागायचा. तो दुकानागणिक बराच सढळ असतो. जरा जपून.

तिथून गोल्डन गाई या छोट्या बारांच्या वस्तीकडे चालत. पूर्वी स्टेशनच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जायला मोठा वळसा पडे, 2020 मध्ये आरपार मार्ग खुला झाल्यापासून ते सोपं झालंय. वाटेत शिकी नो मिची ही झाडांची वळणदार पायवाट लागते. तिथून पूर्वी ट्राम जायची, रूळ गेले आणि वळण राहिलं. त्या वाटेनेच जा. काबुकिचो या रात्रीच्या करमणुकीच्या भागातल्या मुख्य रस्त्यावरून गेलात तर गळेपडू माणसं भेटतील. 'स्वस्त दारू, मोफत प्रवेश' म्हणत सोबत चालू लागतात, इंग्रजीही छान बोलतात. त्यांच्या मागे कधीही, कोणत्याही कारणाने जाऊ नका. ग्राहकांना असं ओढणं तिथे बेकायदा आहे आणि नंतर हातात पडणारं बिल भयंकर असतं. खुद्द गोल्डन गाईतल्या बारना असं बोलवायची गरजच पडत नाही.

सहा अरुंद गल्ल्या आणि त्यांत दोनशेहून जास्त बार. घरं दुमजली, बहुतेक प्रत्येक मजल्यावर वेगळा बार आणि वर जायला शिडीसारखा उभा जिना. हे इतकं लहान का, याचं कारण इतिहासात आहे. युद्धानंतर स्टेशनजवळचे काळ्या बाजाराचे गाळे हटवले, तेव्हा त्या लोकांना इथली जमीन तुकड्या-तुकड्यांनी मिळाली. वरवर खाणावळी-दारूची दुकानं आणि वरच्या मजल्यावर बेकायदा वेश्याव्यवसाय, असा हा भाग होता. 1958 मध्ये वेश्याव्यवसाय-प्रतिबंधक कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर ते बंद झालं आणि त्याच खोल्यांत नुसते बार राहिले. मग लेखक, पत्रकार, नाटक-सिनेमावाले येऊ लागले. 1980 च्या दशकात जमिनीचे भाव गगनाला भिडले, विकासक मागे लागले, आगीही लागल्या. त्या आगी लावल्या गेल्या असा संशय होता, म्हणून दुकानदार आणि गिऱ्हाइकं रात्री आळीपाळीने पहारा देत. जमिनीचे तुकडे इतके छोटे आणि मालक इतके वेगवेगळे की सगळं एकगठ्ठा विकत घेणं अवघड गेलं, आणि गल्ल्या उरल्या. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. ज्या चणचणीतून हे बार निघाले, तिनेच त्यांना वाचवलं.

आता बसण्याचे पैसे. परदेशी पाहुण्यांची सगळ्यात जास्त कुरकुर याच गोष्टीवर असते आणि मला ती पटत नाही. आत बसलात की माणशी साधारण 500 ते 1500 येन आकारले जातात. त्यासोबत 'ओतोशी' म्हणजे मालकाने निवडलेली छोटीशी वाटी येते, न मागता. सहा खुर्च्यांच्या दुकानात तुम्ही तासभर अडवता ती खुर्चीच मालकाचं भांडवल आहे. एका पेयावर दोन तास बसणारी सहा माणसं आली तर त्याचं भाडंही निघणार नाही. गाइडबाईंनी हे आधीच समजावलं होतं, त्यामुळे वाटी समोर आल्यावर आम्हाला धक्का बसला नाही. ओतोशी माशाची असेल तर खाल्ली नाही तरी चालतं, पैसे मात्र द्यायचे. कित्येक बार बाहेरच इंग्रजीत आकार लिहितात आणि काही ठिकाणी पाहुण्यांना तो माफही असतो. दारावर 会員制 अशी तीन अक्षरं दिसली तर तो बार फक्त सदस्यांसाठी आहे, आत डोकावूही नका. या अक्षरांचा फोटो फोनमध्ये ठेवून द्या.

आम्ही गेलो त्या बारमध्ये सात खुर्च्या होत्या. गाइडबाईंनी दार चार बोटं उघडून तीन बोटं दाखवली, मालकिणीने मान हलवली, आणि आधीच बसलेले दोन गृहस्थ आपापले पेले उचलून एकेक खुर्ची सरकले. आम्हाला पाठीमागून आडवं होऊन आत जावं लागलं, पिशव्या भिंतीच्या खुंटीवर गेल्या. पाठीवरची मोठी बॅग घेऊन इथे येऊच नका, स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा. मागच्या फडताळात बाटल्यांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या होत्या. गिऱ्हाइक अख्खी बाटली विकत घेऊन तिथेच ठेवतं आणि आलं की त्यातून पितं. गाइडबाईंचीही एक बाटली होती. त्यांनी गरम पाण्यातला रताळ्याचा शोचू आम्हाला तिच्यातूनच दिला, मालकिणीने फक्त गरम पाणी आणि पेल्यांचे पैसे लावले.

पहिली दहा मिनिटं अवघड असतात. शांतता, सगळ्यांना सगळं ऐकू येतंय याची जाणीव. गाइडबाईंनी ती मोडायची घाई केली नाही. मग शेजारच्या गृहस्थांनी विचारलं कुठून, पुणे सांगितल्यावर मुंबईहून किती लांब, पाऊस किती. नणंद जपानीतून बोलू लागली आणि पुढचा पाऊण तास गाइडबाईंना दुभाष्याचं काम फारसं उरलंच नाही. पिणारे सगळे एकमेकांकडे तोंड करून बसलेले असल्यासारखी ती खोली होती, खरं तर सगळ्यांची तोंडं काउंटरकडे होती. मालकीण एकाचं वाक्य दुसऱ्याकडे पोचवत होती. मद्य न घेणाऱ्यांनीही निर्धास्त जावं. ऊलोंग चहा सगळीकडे मिळतो, माणशी एक पेय मागवलं की झालं. दारू प्यायला मात्र वयाची 20 वर्षं पूर्ण हवीत. अठरा-एकोणीस वर्षांचं मूल सोबत असेल तर त्याला दारू मिळणार नाही.

फोटो काढायचे तर विचारून. गल्लीतसुद्धा परवानगीशिवाय चित्रण करू नये अशा पाट्या आहेत, कारण तो खाजगी रस्ता आहे. बाहेरचं खाणं आत नेऊ नका. मागे कोणी दाराशी उभं दिसलं आणि तुमचा पेला संपला असेल तर उठा. रोख पैसे हवेतच, छोट्या नोटा बऱ्या. टिप ठेवू नका, मालकीण ती परत द्यायला गल्लीत धावत येईल. धुराचा त्रास असेल तर आधी सांगा: टोकियोत एप्रिल 2020 पासून धूम्रपानाचे नियम कडक झाले, पण नोकर नसलेल्या, मालक एकटाच चालवतो अशा बारना सूट आहे आणि इथले कितीतरी बार तसेच आहेत.

गोल्डन गाईत आता परदेशी पाहुण्यांची गर्दी खूप असते, शुक्रवार-शनिवारी तर गल्लीत चालवत नाही. सोमवार ते बुधवार, रात्री आठ-साडेआठला पोचणं उत्तम. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. तुम्हाला दोन संध्याकाळी मिळत असतील तर दुसरी अराकिचोला द्या. आम्हाला गाइडबाईंनी शेवटी तिथेच नेलं: मारुनोउची लाइनने शिंजुकू-सानचोमेपासून दुसरं स्टेशन, योत्सुया-सानचोमे. एकेकाळी गीशांची वस्ती असलेला हा भाग वाटीसारखा खोलगट आहे, दगडी पायऱ्या उतरून तळाशी गेलं की छोटं तळं आणि बेंतेनचं देऊळ. बेंतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेली. नणंदेने तिथे हात जोडले. आजूबाजूला साके बार, स्नॅक म्हणजे मालकीण आणि काराओके असलेले अड्डे, आणि पाहुणे अगदी थोडे. इथे मात्र गाइडशिवाय, निदान जपानी बोलणाऱ्या माणसाशिवाय, जाऊ नका. इंग्रजी पाट्या नाहीत आणि नवख्या माणसाला दारातून 'जागा नाही' ऐकावं लागतं.

परतीचा हिशोब पहिल्या पेल्याआधी करा. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात, बदलायची असेल तर त्याहून आधी निघावं लागतं, आणि पहिली गाडी पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास. टॅक्सीला रात्री 10 ते पहाटे 5 पर्यंत 20 टक्के जादा भाडं पडतं. निशी-कासाई तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून आम्ही अकराला उठलो. गाइडबाईंनी निघताना गोल्डन गाईतल्या त्या मालकिणीचं कार्ड नणंदेला दिलं आणि पुढच्या वेळी माझ्याशिवाय जा म्हणाल्या. ती गेली, ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला घेऊन. चांगल्या गाइडकडून हेच मागून घ्या: जिथे तुम्ही पुन्हा एकट्याने जाऊ शकाल असं एक दार.