पूर्वेच्या खिडक्या: मुंबईतल्या हिवाळ्याची तयारी

दसऱ्यानंतरचा रविवार

मुंबईकर हिवाळ्यासाठी घर तयार करतोय म्हटलं की पुण्या-नाशकाची मंडळी हसतात. हसू देत. सांताक्रूझला जानेवारीतलं सरासरी किमान तापमान 17 अंशांच्या आसपास असतं. 22 जानेवारी 1962 ला पारा 7.4 पर्यंत उतरला होता, त्यावर आपण अजून फुशारकी मारतो. थंडीपुरती एक गोधडी बास होते. आपली तयारी असते ती धुळीसाठी.

हवामान खात्याच्या हिशेबाने पाऊस मुंबईतून साधारण 8 ऑक्टोबरला माघार घेतो. पुढे नोव्हेंबरपासून वारा मंदावतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि रस्त्यांची, बांधकामांची धूळ खालीच कोंडून राहते. आमच्या शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकास चालू आहे (पार्ले पूर्वेला तो कुणाच्या शेजारी नाही?). 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पालिकेने काढलेल्या नियमांप्रमाणे एक एकरापेक्षा लहान जागेभोवती 25 फूट उंच पत्रे लागतात. तसे ते लागलेतही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे पत्र्यांच्या वर.

आज पश्चिमेच्या खिडक्यांवरचं प्लास्टिक उतरवलं. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढली. मागे बुरशी होतीच, ती पुसून भिंत उघडी ठेवली. पश्चिमेच्या भिंतीला रंग लावायची घाई या वर्षीही नाही. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी भिंतीवर चिकटवून ठेवलाय. उद्या आतून घाम आला तर भिंतीत ओल आहे, तोवर ब्रश उचलायचा नाही.

कोजागिरी

या वर्षीचा खरा बेत असा: पावसाळाभर आपण पश्चिमेच्या खिडक्यांचे लाड करतो, कारण झोडपा तिकडून येतो. हिवाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून असतो, पण रात्री उशिरा आणि पहाटे तो जमिनीवरून येतो, पूर्व-ईशान्येकडून. धूळ सगळ्यात दाट असते तीही त्याच वेळी. म्हणजे हिवाळ्याची तयारी पूर्वेपासून सुरू व्हायला हवी, आणि आमच्याकडे पूर्वेच्या खिडक्यांकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नाही.

पडताळा उदबत्तीने घेतला. पहाटे सगळे पंखे बंद, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू, म्हणजे घर बाहेरची हवा ओढायला लागतं. मग पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेकडेने सावकाश फिरवायची. धूर आत झुकला की तिथे खडूची खूण. आईला वाटलं मी सकाळीच पूजेला लागलो, आणि ती खूष झाली. मी काही बोललो नाही.

पूर्वेच्या दोन्ही खिडक्या जुन्या सागवानी, दोन पटांच्या, म्हणजे दोन झडपांच्या. धूर सर्वात जास्त झुकला तो दोन पट मिळतात त्या मधल्या रेषेवर, त्याखालोखाल तळाच्या आडव्या पट्टीवर. बिजागरीची बाजू जवळजवळ कोरी. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मधली फट वर 2 मिलिमीटर, खाली 3.5. पश्चिमेच्या एका खिडकीत तर 5 मिलिमीटर निघाली. त्या खिडकीची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण हे काम बऱ्याच घरांत होतं.

जुलैत खिडकी फुगते, बंद होत नाही, आपण सुताराला बोलावतो आणि तो रंधा मारून देतो. लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास राहिली की लाकडातलं पाणी वजनाच्या 17–18 टक्क्यांवर जाऊन स्थिरावतं. आर्द्रता 60 वर आली की 11 टक्क्यांच्या आसपास उतरतं. तेवढ्या फरकाने 75 मिलिमीटर रुंदीची सागवानी उभी पट्टी कापाच्या दिशेनुसार अर्धा ते एक मिलिमीटर आटते. दोन पटांच्या खिडकीत अशा चार पट्ट्या. जुलैत दोन मिलिमीटर तासून घेतले असतील तर जानेवारीत ते आणि हे मिळून करंगळीचं नख आत जाईल एवढी फट उघडते. आमच्या सुतारकाकांचं म्हणणं, पावसाळ्यात गिऱ्हाईक ऐकत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रंधा मारायचाच तर दिवाळीनंतर, आणि पावसाळ्यात खिडकी अडली तर कडेला मेणबत्ती घासून वेळ भागवायची.

वसुबारसेच्या आधी

नागदेवी स्ट्रीटवरून रबरी पट्टी आणली. फोमची टेप स्वस्त मिळते, लावायलाही सोपी, पण ती स्पंजसारखी धूळ पिते आणि खाऱ्या हवेत वर्षाच्या आत तिचा भुगा होतो. मी ईपीडीएम रबराची (ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर) घेतली. 1 ते 3 मिलिमीटरच्या फटीला ई आकाराची चपटी पट्टी, त्याहून मोठीला डी आकाराची पोकळ. पोकळ पट्टीचा फायदा असा की ती दबते आणि परत फुलते. आज मोजलेली फट काही शेवटची नाही. कोरडा वारा सुटला की लाकूड आणखी आटणार, आणि जूनमध्ये पुन्हा फुगणार. दोन्हीकडे सांभाळून घेईल अशी पट्टी हवी.

काम थोडक्यात: खाचेतला जुना ऑइल पेंट पोपडे निघेपर्यंत खरवडला, पॉलिश पेपर मारला, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू दिलं आणि मगच चिकटवलं. दुपारी केलं. सकाळी लाकडावर दमटपणा असतो, गोंद धरत नाही. पट्टी ताणून लावायची नाही. ताणली की ती महिनाभरात आखडते आणि कोपरे उघडे पडतात. मधल्या रेषेवर पट्टी फक्त आधी बंद होणाऱ्या पटाला लावली, दोघांना लावली असती तर कडी बसली नसती.

चौकट आणि भिंत यांच्यातल्या भेगांना ॲक्रिलिक सीलंट. सिलिकॉन मुद्दाम टाळलं, त्यावर रंग बसत नाही. काचेभोवतीची लांबी (पुट्टी) एका ठिकाणी सुटली होती, ती नव्याने भरली.

गोधड्या आणि आजीची दुलई गच्चीवर उन्हात टाकली. ऑक्टोबर हीटचा एवढा एकच उपयोग.

बाथरूमबद्दल, वेगळं

फटी बुजवायचा नाद लागला की माणूस थांबत नाही, म्हणून हे ठळक लिहितो. गॅस गीझर असलेल्या बाथरूमची झिलमिल बंद करायची नाही. थंडी वाजते म्हणून तिथे पुठ्ठा लावणारी घरं मी पाहिली आहेत. गीझर खोलीतलीच हवा जाळतो. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. गीझर बाथरूमच्या बाहेर असणं सर्वात चांगलं. तेच स्वयंपाकघराचं: शेगडीजवळच्या खिडकीला मी हातही लावलेला नाही.

विजेच्या गीझरवाल्यांनी वापर सुरू करायच्या आधी आतला मॅग्नेशियमचा दांडा तपासून घ्यावा. तो झिजतो म्हणून टाकी गंजत नाही. तो संपला की पाळी टाकीची. पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर क्षारांची पुटंही बघा. भातसा-तानसाचं पाणी त्या मानाने सौम्य.

देवदिवाळी

दोन खोल्यांत पूर्वेच्या खिडकीखाली काळ्या सनमायकाचा एकेक तुकडा ठेवला होता. एका खोलीत पट्टी लावलेली, दुसरीत मुद्दाम नाही. आठवड्याने बोट फिरवलं. बिनपट्टीच्या खोलीत रेघ लांबून दिसते, पट्टीच्या खोलीत तुकडा उजेडात तिरका धरावा लागतो. हे मोजमाप जाड धुळीचं, याची जाणीव आहे. अडीच मायक्रॉनचे कण हवेबरोबर जातात आणि दार उघडलं की येतातच, त्यांच्यावर रबराच्या पट्टीचा दावा मी करणार नाही. पण कपाटावर, पुस्तकांवर साचतो तो थर कमी झाला हे नक्की. फडकं एक दिवसाआड पुरतं, आधी रोज लागायचं.

अनपेक्षित फायदा आवाजाचा. शेजारच्या प्लॉटवर सकाळी सुरू होणारं, काँक्रीट फोडणारं ब्रेकर मशीन बंद खिडकीआड बरंच दबतं. खिडक्या दुपारी उघडायच्या, समुद्राचा वारा सुटला की, आणि रात्री निजताना पूर्वेच्या बंद, हे वेळापत्रक घरात आता बहुतेकांनी मान्य केलंय. बाबांनी नाही. त्यांना पहाटे पाचला खिडकी उघडून ‘ताजी हवा’ घ्यायची असते आणि नेमकी ती वेळ सगळ्यात वाईट, हे त्यांना पटवणं माझ्या अवजारांच्या पेटीबाहेरचं आहे.

पश्चिमेची 5 मिलिमीटरवाली खिडकी रबराने सावरण्यातली नाही. तिला कडेने सागवानी चीप (लाकडाची बारीक पट्टी) लावायची आहे, पण लाकूड पुरतं वाळल्यावर, म्हणजे जानेवारीच्या शेवटी. मुख्य दाराखालची फटही राहिली आहे. तिथे ब्रशवाली ॲल्युमिनियम पट्टी बघून ठेवलीय, मात्र आमचा उंबरा दगडी आणि मधोमध झिजलेला, तेव्हा सरळ पट्टी कडांना टेकेल आणि मध्ये उघडी राहील. झिजलेल्या उंबऱ्यावर कुणी ती बसवली असेल तर ब्रश किती लांब घेतला ते सांगा.