उलटा राउंड

चैत्र लागला की आम्हा वायरमन लोकांची सुगी. गावोगावच्या जत्रा, जत्रेत पाळणे आणि पाळण्यांना तात्पुरती लाइन. ही गोष्ट कुठल्या गावची ते सांगत नाही, कारण चूक माझी होती आणि तिथं मला अजून काम मिळतं.

मैदानावर आकाशपाळणा, लहान पोरांची आगगाडी, मौत का कुआँ आणि मधोमध ब्रेक डान्स. ज्यांनी तो फक्त लांबून बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. खाली एक भली मोठी तबकडी, एका अंगाला जराशी कललेली. तिच्यावर चार फुल्या, आणि प्रत्येक फुलीच्या चार टोकांना चार पाळणे. तबकडी एकीकडे फिरते, फुल्या दुसरीकडे, आणि पाळण्याला तर स्वतःची मोटरच नाही. आत बसलेल्यांच्या वजनावर आणि झोक्यावर तो मनाला येईल तशा गिरक्या घेतो. म्हणून एकाच राउंडमध्ये पुढच्या पाळण्यातली मंडळी टाळ्या पिटत असतात आणि मागच्यातली देवाचा धावा करत असतात. मूळ मशीन जर्मनीतल्या ब्रेमेनच्या हुस कंपनीची, 1985 सालची. आमच्या मैदानावरची तिची लांबची भाची, इकडच्याच कुठल्यातरी वर्कशॉपात वेल्डिंग करून उभी केलेली. तबकडी 10 मीटरची, पूर्ण वेगात मिनिटाला 14 फेरे. म्हणजे कड ताशी 26 किलोमीटरने पळते, आणि कडेवरच्या माणसाला बाहेर ढकलल्यासारखं वाटतं तो जोर त्याच्या वजनापेक्षा थोडा जास्तच भरतो. हिशेब माझाच आहे, रिकाम्या दुपारी केलेला.

नव्या मशीनला व्हीएफडी असतो, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा. त्याला आत येणारे फेज, म्हणजे लाइनच्या तीन जिवंत वायरी, कसेही जोडा, मोटर ठरलेल्या दिशेलाच फिरते. ही मशीन जुनी, स्टार-डेल्टा स्टार्टरवरची, म्हणजे मोटर सरळ लाइनवर. अशा मोटरच्या तीन फेजपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल झाल्या की ती मुकाट्याने उलटी फिरते. आवाज तोच, करंट तोच. तिला काही कळत नाही.

माझ्या पिशवीत फेज सिक्वेन्स मीटर असतो. तळहातावर मावेल एवढा डबा, त्याला लाल, पिवळा, निळा असे तीन चिमटे आणि काचेखाली रुपयाएवढी तबकडी. चिमटे लावून बटण दाबलं की ती फिरते. बाणाच्या दिशेला फिरली तर ठीक, नाहीतर दोन वायरी बदला. दोन मिनिटांचं काम. त्या दुपारी 62.5 केव्हीएचा जनरेटर आला. मी केबल ओढली, चेंजओव्हरला, म्हणजे लाइनवरून जनरेटरवर नेणाऱ्या स्विचला, जोडली, व्होल्टेज बघितलं, अर्थिंग बघितलं, माळा लावून बघितल्या. सगळं मैदान लखलखलं. तेवढ्यात चहा आला. मीटर पिशवीतच राहिला. बल्बला फेज सुलटे काय आणि उलटे काय!

पावणेआठला लाइट गेली. पालखी नुकतीच देवळात गेल्यामुळे सगळी गर्दी मैदानात उतरली होती. चालू राउंड थांबला, लोक मोबाइलच्या उजेडात उतरले. जनरेटर सुरू झाला, मी चेंजओव्हर टाकला, माळा पेटल्या, गाणं जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं वाजायला लागलं. ब्रेक डान्सवर नवी माणसं बसली.

मशीनवर एक पोरगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. आम्ही त्याला बारक्या म्हणायचो. सगळ्यांचे दांडे खाली ओढून, खिळी लावून तो तबकडीवरच उभा राहायचा. मशीन सुरू झाली की पाव फेरा तिच्यावर उभ्यानं जायचं आणि मग ऐटीत खाली उतरायचं. मालक शिव्या द्यायचा, पण पोरी बघायच्या, त्यापुढं मालकाचं काय चालणार! तोल सांभाळायची त्याची ठरलेली तऱ्हा होती. मशीन ज्या बाजूला हिसका देणार त्या बाजूला आधीच थोडं झुकून राहायचं. पायाला इतकी सवय झालेली की तोवर तो तिकिटं मोजत असायचा.

त्या दिवशीही तो उजवीकडे झुकला. मशीन डावीकडे निघाली.

मी वीस-पंचवीस पावलांवर होतो. ज्या बाजूला झुकून तो रोज सावरायचा, नेमका त्याच बाजूला आडवा झाला, कडेवरून घरंगळला आणि खालच्या खडबडीत पत्र्यावर हात टेकून पडला. तिकिटं वाऱ्यावर. पाळण्यातली माणसं मात्र खूश. दिशा बदललेली ज्यांना कळली त्यांना तो नवा खेळ वाटला. केबिनमधला ऑपरेटर माइकवर ‘हात वर करा, हात वर’ ओरडत होता. त्याच्या बाजूने बारक्या दिसतच नव्हता.

पहिला विचार आला तो चेंजओव्हर ओढायचा. हात हँडलपर्यंत गेलाही होता. पण तो ओढला असता तर सगळं मैदान अंधारात, हजारभर माणसं, त्यात लेकरं, आणि वजनदार तबकडी सप्लाय तोडला तरी तशीच फिरत राहणार. मी पळत सुटलो. तेवढ्यात रांगेतून एक धोतरवाला म्हातारा आरडायला लागला.

‘‘आरं, उलटी फिरतीया मशीन! फेज उलटं झाल्यात! वायरमन कुठं हाय?’’

मी त्याच्या शेजारूनच पळत होतो. केबिनच्या खिडकीतून हात घालून लाल बटण दाबलं. गाणं चालूच होतं, तबकडी सावकाश मंदावत गेली. बारक्या उठून बसला होता, उजवं मनगट डाव्या हातात धरून.

‘‘काय झालं ओ?’’ त्यानं मलाच विचारलं. मी काय सांगणार? ‘‘हात हलवू नको,’’ एवढंच म्हणालो.

म्हातारा माझ्या मागं आला होता. ‘‘आमच्या हिरीवर डीपी बदलली की दर टायमाला असंच हुतं,’’ तो म्हणाला. ‘‘मोटर गुर्र गुर्र फिरती, पाणी न्हाई. मग लाल-पिवळीची अदलाबदल करायची. तुमाला शिकवायला पायजे व्हय?’’

‘‘नाही आबा, चुकलं.’’

‘‘मग करा की अदलाबदल. माझ्या नातवाचं तिकीट काढलंय.’’

जनरेटर बंद करायच्या आधी सगळ्या पाळण्यांवरची माणसं उतरवली, गर्दी मागं घेतली. मग दोन वायरी बदलल्या आणि मीटरचे चिमटे लावले. काचेखालची तबकडी बाणाकडे फिरायला लागली तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

मशीनच्या पॅनेलमध्ये फेज उलटे असले तर स्टार्टर उचलूच न देणारा रिले असतो. तो का चालला नाही हे बघायला पॅनेल उघडलं. रिलेच्या दोन टर्मिनलांमध्ये तांब्याच्या वायरीचा बोटभर तुकडा, पक्का कसलेला. दोन जत्रा मागं लो व्होल्टेजमुळं रिले सारखा तोडायचा, म्हणून कुणीतरी जंपर मारून त्याला बगल दिली होती. मालक ऑपरेटरकडे बघत होता, ऑपरेटर मालकाकडे. मी तुकडा काढून खिशात टाकला. माझी चूक त्यानं कमी होत नव्हती, पण मी एकटा नव्हतो एवढं खरं.

बारक्याच्या मनगटाला बारीक चीर निघाली. एक्स-रे आणि प्लास्टरचा खर्च मी आणि मालकानं निम्मा-निम्मा केला. तो तीन आठवड्यांसाठी गावी जाणार होता, गेला नाही.

रात्री हिशेब करताना मालक हळूच म्हणाला, ‘‘लोकांना उलटा राउंड लई आवडला राव. तसं बटण बसवता येतं का?’’ येतं. परदेशात ‘हिमालया’ नावाची गोल ट्रॅकवरची राइड असते, तिच्यावर मुद्दाम उलटा राउंड देतात. पण त्याला वेगळे कॉन्टॅक्टर, इंटरलॉक, मशीन पूर्ण थांबल्याशिवाय दिशा बदलू न देणारा टायमर. मी आकडा सांगितला. मालकानं विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चेंजओव्हरपाशी मी पुन्हा मीटर लावला. बारक्या गळ्यात हात अडकवून शेजारी उकिडवा बसला आणि काचेखालच्या तबकडीकडे बघत राहिला.

‘‘बरोबर फिरतीये?’’

‘‘बरोबर.’’

‘‘अजून एकदा लावा ना,’’ तो म्हणाला. मी लावला.