आमची वाटचाल: शिंगं नसलेल्या खिडक्या

इंग्लंडमधल्या बाथ शहरात आमच्या वर्कशॉपला पहिलं मोठं काम दिलं ते एका निवृत्त शिक्षिकेने. जॉर्जियन, म्हणजे व्हिक्टोरियाच्या आधीच्या काळातलं घर, ग्रेड 2 तारांकित, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, 14 सॅश खिडक्या, झडपा वर-खाली सरकणाऱ्या. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, म्हणून तिथल्या सगळ्यांत उंच. माळ्यावरच्या जवळजवळ चौकोनी. सहा काचा वर, सहा खाली, मधल्या पट्ट्या जेमतेम अर्धा इंच. एवढ्याशा पट्टीला तुकडा जोडायचा तर पटाशीला वस्तऱ्याची धार हवी. वडिलांची चिपळूणची पटाशी मी बॅगेत घालून आणली होती, ती इथे कामी आली. लाकूड बाल्टिक पाइन, इतकं दाट की कुजली होती ती फक्त खालची आडवी पट्टी.

मग ती कंपनी आली. नाव घेत नाही. शेजारच्या तीन घरांत तिने सांगितलं, लाकूड संपलंय, प्लास्टिकच्या दुहेरी काचेच्या बसवा, परवानगीचं आम्ही बघतो. माझी तिन्ही कोटेशनं बाद. भागीदार वेगळा झाला, दोन पोरांचे पगार मी क्रेडिट कार्डावर काढले. बाईंनी मात्र उरलेल्या कामाचे पैसे आगाऊ दिले, वर रोज अकराचा चहा.

आणि त्या नव्या खिडक्यांना शिंगं! वरच्या झडपेखाली लोंबणारी ती टोकं व्हिक्टोरियन काळातली. मोठ्या जड काचेने सांधा उसवू नये म्हणून आलेली. कौन्सिलच्या अधिकाऱ्याला ती रस्त्यावरूनच दिसली. संमतीशिवाय संरक्षित घरात असा बदल करणं हा इथे गुन्हा आहे, आणि तो बदल काढायला लावण्याला मुदत नसते. खिडक्या उतरल्या. भुर्दंड घरमालकांना, कंपनी नामानिराळी. जुन्या झडपा तोवर कचऱ्यात गेल्या होत्या, क्राउन काचेसकट. फुंकून, गरगर फिरवून केलेली ती लहरी काच, ती आता आणायची कुठून?

तिन्ही घरं माझ्याकडे आली. पुढची अकरा वर्षं बरी गेली.

एक सांगून ठेवतो. जाड काच घालणार असाल तर आधी झडप तोला, मगच चौकटीत दोरीला टांगलेली, झडपेला तोलणारी वजनं ठरवा. नाहीतर दोरीला दोष देत बसाल. काच बसवायची लांबी खडूपूड आणि जवसाच्या तेलाचीच. आणि भिंतीच्या दगडात सिमेंट भरू नका, चुनाच भरा. बाथचा दगड ओल कोंडली की पापुद्रे सोडतो.

त्या कंपनीच्या व्हॅनवर हल्ली ‘वारसा खिडक्या’ असं लिहिलेलं असतं. परवा सिग्नलला शेजारीच उभी होती. चित्रातल्या खिडकीलाही शिंगं आहेत.