हुंड्यात दिलेले शहर

सोलापूरच्या इतिहासातली मला सर्वांत गमतीची वाटणारी गोष्ट ही, की हे शहर एकदा चक्क हुंड्यात दिले गेले. निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमेवरचा इथला भुईकोट दोघांनाही हवा होता आणि त्यापायी वर्षानुवर्षे लढाया झाल्या. शेवटी विजयनगरविरुद्ध एकजूट करायचे घाटू लागले, तेव्हा 1565 च्या तालिकोटच्या लढाईआधी चाँदबीबीचे लग्न अली आदिलशहाशी लावून देताना हुसेन निजामशहाने सोलापूरही लेकीसोबत देऊन टाकले. कोल्हापूर-साताऱ्याकडे गादीचा अभिमान आहे, पुणेकरांना पेशवाई अजून पुरते. आमच्याकडे सांगण्यासारखा राजा नाही. म्हणूनच की काय, इथे मान मिळाला तो राबणाऱ्यांना.

आमचे ग्रामदैवतसुद्धा राबणारे. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तलाव खोदला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. पावसाने कायम हात आखडता घेतलेल्या या मुलखात तलावाइतके मोठे पुण्य दुसरे कोणते असणार! संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले मानकरी उंचच उंच नंदीध्वजांचा तोल सांभाळत निघतात आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’चा गजर होतो, तेव्हा त्या गर्दीत मराठी, कन्नड आणि तेलुगू घरांतली माणसे एकमेकांना खेटून उभी असतात. नंदीध्वज पेलणे हे भक्तीइतकेच कसबाचेही काम आहे. त्याचा सराव कित्येक दिवस आधीपासून चालतो आणि वाऱ्याच्या झोताबरोबर काठी कलली की बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो.

1877 मध्ये ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली आणि गाव शहर होऊ लागले. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या, दुष्काळाने गांजलेल्या खेड्यांतून माणसे आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि त्यांनी ‘पूर्वभाग’ वसवला. त्या भागातून दुपारी चालत गेले, तर घराघरांतून यंत्रमागांची खटखट ऐकू येते, उघड्या दारातून धोटा इकडून तिकडे धावताना दिसतो आणि पापणीवर कापसाची तूस बसलेला कारागीर मागावरची नजर न हलवता पाहुण्याशी बोलत असतो, घरातल्यांशी तेलुगूत आणि मालकाशी फोनवर मराठीत. नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी मात्र माग थांबतात. जॅकार्डवर विणलेल्या सोलापुरी चादरीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्या नावाखाली भलतीकडे तयार झालेला माल देशभर विकला जातो, याची चीड इथल्या माणसाला मानांकनाच्या आनंदापेक्षा अधिक आहे.

1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर हे शहर पेटले, गोळीबार झाला आणि पुढचे काही दिवस इंग्रजांचे राज्य इथे नावालाही उरले नाही. मग मार्शल लॉ आला. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आले. या चार नावांतून शहराची वस्ती कळते. वेगळी खानेसुमारी नको. गड्ड्याची गडबड ऐन भरात असते तेव्हाच हा दिवस येतो, आणि चार हुतात्मा चौकातून जाताना गर्दीतला माणूस क्षणभर का होईना पुतळ्यांकडे बघतो.

गिरण्या पुढे एकामागून एक बंद पडल्या. शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आले, आज मुंबईला वंदे भारत धावते आणि विमानसेवेच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली गेली, त्यावरून महिनोन्‌महिने वादही झाले. तरी उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआडच येते आणि शिकलेली पोरे पुण्याच्या गाडीत बसतात, ती सणावारालाच परततात. आल्या आल्या स्टेशनवरच सोलापुरी बोलीतले ‘काय करलालास बे?’ (काय करतोयस रे?) सुरू होते, हे खरे; पण तेवढ्याने शहर चालत नाही.

माझ्या मते आधुनिक सोलापूर बघायचे असेल, तर सुशोभित चौकांऐवजी कुंभारीच्या माळरानावर जावे. तिथे आधी विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली आणि नंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, त्यातली पंधरा हजार घरे जानेवारी 2024 मध्ये ताब्यात दिली गेली. ती मिळावीत म्हणून तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले होते. विड्या वळता वळता त्यांनी मिळवलेली ही घरे त्यांच्या नावावर आहेत, आणि एवढी जमीन या शहरात कुठल्याही बाईच्या हाती हुंड्याशिवाय यापूर्वी कधी आली असेल, असे मला वाटत नाही.