तुम्ही विचारलंत म्हणून: एका तारेचं सूत्र का पुरत नाही?

“ब्रिसल म्हणजे एका टोकाला जखडलेली बारीक तार. कॅन्टिलिव्हरचं सूत्र लावा, तारांच्या संख्येने गुणा, झालं. घर्षण आणि संपर्काचा एवढा खटाटोप कशाला?” ब्रश सील म्हणजे फिरणारा रोटर आणि स्थिर भाग यांच्यातली फट बारीक तारांच्या (ब्रिसलच्या) दाट ब्रशने बंद करून गळती रोखणारं सील; त्याबद्दल हेच पुन्हा पुन्हा विचारलं जातं.

सूत्र खोटं नाही, मीही आधी तेच लावतो. हेन्स 25 या कोबाल्टच्या मिश्रधातूची 0.1 मिमी जाडीची तार, मोकळी लांबी 10 मिमी, त्रिज्येशी कल 45 अंश, यंग मापांक (धातूचा ताठपणा) 225 गिगापास्कल. रोटर 0.25 मिमी ब्रशमध्ये घुसला, तर एका तारेचा प्रतिकार साधारण 1.7 मिलिन्यूटन. टोक सरकतं जेमतेम 0.35 मिमी, त्यामुळे मोठ्या वाकाचं गणित घातलं तरी आकडा फारसा हलत नाही. जाडी मात्र नीट मोजा. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो; 5 टक्के जाड तार सुमारे 22 टक्के जास्त कडक.

पण हे सगळं दाब नसताना. आता 3 बार दाबफरक द्या. एकामागे एक 10 तारा वाकवायला मिळून 17 मिलिन्यूटन लागतात. त्याच तारांना हवा बॅकिंग प्लेटवर, म्हणजे तारांना मागून आधार देणाऱ्या पत्र्यावर, रेटते: दाब गुणिले जाडी गुणिले लांबी, म्हणजे जास्तीत जास्त 300 मिलिन्यूटन. घर्षणगुणांक 0.2 धरला तर घर्षण 60 मिलिन्यूटन. ते लांबीभर विखुरलेलं असतं, सगळं टोकाशी येत नाही, हे मान्य. तरीही वाकवण्याच्या बळाला भारी पडू शकणारं बळ तुमच्या सूत्रात मुळातच नाही.

त्याची किंमत रोटर मागे येताना कळते. क्रिटिकल स्पीड (ज्या वेगाला रोटर सर्वात जास्त थरथरतो तो) ओलांडताना रोटर तारांना बाहेर ढकलतो आणि पुन्हा जागेवर येतो. तारा येत नाहीत. दाबाने प्लेटवर जखडून तिथेच थांबतात. फट उघडी राहते, गळती वाढते. दाब उतरला की बऱ्याचशा तारा सुटून परततात, म्हणून बंद मशीन उघडून पाहणाऱ्याला सील धडधाकट दिसतं. तारा वाकण्याचं संगणकावरचं मॉडेल मुख्यतः या क्षणासाठी करायचं असतं, म्हणूनच त्यात पायऱ्यांचा क्रम पाळावा लागतो: आधी इंटरफिअरन्स (रोटर ब्रशमध्ये घुसवणं), मग दाब, मग रोटर बाहेर, रोटर परत, शेवटी दाब शून्य. पहिल्या पायरीचं उत्तर सूत्राशी जुळलं नाही तर पुढे जाऊ नका. दाब आधी आणि इंटरफिअरन्स नंतर दिलात, तर फट वेगळीच निघेल. तारांना बीम एलिमेंट (तारेचे वाकणाऱ्या दांडीसारखे छोटे तुकडे) पुरतात, पण तार-तार, तार-प्लेट आणि तार-रोटर हे तिन्ही संपर्क घर्षणासह हवेत. दाब लांबीभर सारखा टाकू नका. प्लेटच्या कडेखाली उघड्या राहिलेल्या टोकांवर तो वेगळा पडतो. तारा सरकल्या की हवेची वाटही बदलते, तेव्हा प्रवाहाचं गणित पुन्हा करावं लागतं.

राहिला घर्षणगुणांक. मोजलेल्या हिस्टेरेसिसच्या (रोटर जाताना आणि येताना तारांच्या बळात पडणाऱ्या फरकाच्या) वक्राला जुळेल असा एकच आकडा घ्यावा, असं मी पूर्वी म्हणायचो. आता प्लेटवर एक आणि तारांमध्ये दुसरा घेतो, कारण दोन्हीकडचा दाब आणि झीज सारखी नसते. पण दोन आकडे मोकळे सोडले की जवळजवळ कुठलाही वक्र जुळवता येतो. गरम झाल्यावर ऑक्साइडचा थर बसला की दोन्ही पुन्हा बदलतात.